नाकात लेसर बसवलेलं जंबो

११ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रातल्या तरंगत्या मंचावरून एक क्षेपणास्त्र सुटलं आणि दोन मिनिटांच्या आत फुटलं. त्याला ना गोळा लागला ना दुसरं क्षेपणास्त्र. जवळच घिरट्या घालणाऱ्या बोइंग ७४७ च्या नाकातून आलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणाने त्याचा पत्रा तापवला होता. आतल्या दाबाने उरलेलं काम केलं. विमानाचं नाव वायएएल-१.

१९९६ साली अमेरिकी हवाई दलाने हे काम बोइंगला दिलं. लेसर टीआरडब्ल्यू कंपनीचा, नाकातला फिरता घुमट आणि आरसे लॉकहीड मार्टिनचे. पण या लेसरला विजेची तार पुरत नव्हती, त्याला रसायनं लागत. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या अल्कलीयुक्त द्रावणात क्लोरीन सोडायचा, त्यातून उत्तेजित ऑक्सिजन निघतो, तो आपली ऊर्जा आयोडीनला देतो आणि आयोडीन प्रकाश फेकतं. ही पद्धत हवाई दलाच्याच अल्बुकर्कमधल्या प्रयोगशाळेने १९७७ मध्ये शोधलेली. मेगावॉटच्या घरातली ताकद मिळवायला मोटारीएवढे सहा संच विमानाच्या मागच्या भागात मांडावे लागले. क्लोरीन आणि पेरॉक्साइड पोटात घेऊन उडणाऱ्यांची कल्पना करून पाहा!

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गंमत. जमिनीवरच्या चाचण्यांसाठी विमानाचा सांगाडा हवा होता, तेव्हा एअर इंडियाचं निवृत्त ७४७ कामी आलं. पंख काढून ते कॅलिफोर्नियातल्या मोजावेहून ट्रकने एडवर्ड्स हवाई तळावर आणलं आणि तिथल्या प्रयोगशाळेच्या इमारतीत बसवलं. उड्डाणाआधी लेसर पहिल्यांदा तिथे पेटला.

माझ्या मते या यंत्रातला खरा पराक्रम लेसरचा नाही, आरशांचा आहे. तापलेल्या आणि थंड हवेच्या थरांतून जाताना किरण फाकतो, थरथरतो. म्हणून आधी दुसरा, कमी ताकदीचा लेसर लक्ष्यावर टाकायचा, परतलेला प्रकाश किती विस्कटला ते मोजायचं, आणि आरशाचा पृष्ठभाग सेकंदाला शेकडो वेळा नेमका उलटा वाकवायचा. मग मोठा किरण हवेतून जाताना आपसूक सरळ होतो.

एवढं साधूनही विमान हरलं ते अंतरापुढे. क्षेपणास्त्र चढत असतानाच पाडायचं, म्हणजे विमानाला प्रक्षेपणाच्या जागेजवळ घुटमळत राहावं लागणार. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २००९ मध्ये दुसरं विमान रद्द केलं. इराणचं क्षेपणास्त्र पाडायचं तर हे अवजड विमान इराणच्याच हद्दीत घिरट्या घालणार, आणि बाहेर राहायचं तर लेसर वीस-तीस पट ताकदवान हवा, असा त्यांचा हिशेब. तो खोडणं कोणाला जमलं नाही. पाच अब्ज डॉलरहून जास्त खर्चून २०११ अखेर कार्यक्रम बंद झाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये विमान ॲरिझोनातल्या डेव्हिस-मॉन्थन तळावर गेलं, २०१४ मध्ये भंगारात.

त्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पॉन्स या जहाजावर ३० किलोवॉटचा, फक्त विजेवर चालणारा लेसर बसवला. लक्ष्य ड्रोन आणि छोट्या होड्या. एप्रिल २०२५ मध्ये डीआरडीओने कुर्नूलच्या मैदानात तेवढ्याच ताकदीच्या लेसरने ड्रोन पाडून दाखवले. मेगावॉटची हाव सोडल्यावर लेसरला काम मिळालं.