सरकारी दप्तर आणि सेवकाचा दावा

न्यायासनापुढे वादी आणि प्रतिवादी समान असतात, हे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु वादी हा सरकारी सेवक आणि प्रतिवादी त्याचेच खाते असले, म्हणजे या समानतेला एक व्यंग राहते. बडतर्फीचा हुकूम सेवकाच्या हाती पडतो. तो कोणत्या कारणाने निघाला हे सांगणारी टिपणे, गोपनीय शेरे, चौकशीचा अहवाल आणि वरिष्ठांचा पत्रव्यवहार मात्र खात्याच्या कपाटात असतो. अन्याय सिद्ध करण्याचा भार एकाच्या शिरावर आणि पुरावा दुसऱ्याच्या कुलपात, अशी ही स्थिती होय.

हे व्यंग दूर करण्यासाठी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अकराव्या आदेशात एक व्यवस्था सांगितली आहे. वादाशी संबंध असलेले कोणते कागद आपल्या ताब्यात आहेत, याची शपथेवर यादी देण्यास न्यायालय कोणत्याही पक्षाला फर्मावू शकते. दुसऱ्या पक्षाला त्या कागदांची पाहणी करून नकला घेता येतात. हुकूम न पाळणाऱ्या वादीचा दावा निकालात काढला जाऊ शकतो आणि प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो. खटला अचानक हल्ल्याने जिंकावयाचा नसून सत्य उघड करून निकालात काढावयाचा आहे, हा या व्यवस्थेचा मथितार्थ.

सरकारला मात्र एक कवच दिलेले होते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२३ अन्वये राज्यकारभारासंबंधीचे अप्रकाशित दप्तर खातेप्रमुखाच्या परवानगीवाचून पुराव्यात आणता येत नसे. त्यामागे विचार होता. उद्या आपले टिपण कोर्टात वाचले जाईल या धास्तीने अधिकारी लिहू लागला, तर तो मोकळेपणाने सल्ला देणार नाही. आणि देशाच्या संरक्षणाची काही गुपिते तर राखलीच पाहिजेत. प्रश्न एवढाच, की गुपित खरोखर राज्याचे आहे की खात्याच्या चुकीचे, हे ठरवावयाचे कोणी?

हा प्रश्न ‘पंजाब राज्य विरुद्ध सोढी सुखदेव सिंग’ या खटल्यात धसास लागला. पेप्सू राज्यातील या जिल्हा न्यायाधीशांना १९५३ साली सेवेतून दूर करण्यात आले. त्यांच्या अर्जाचा मंत्रिमंडळाने लोकसेवा आयोगाचा सल्ला घेऊन फेरविचार केला. पुढे १९५६ साली पेप्सूचे पंजाबात विलीनीकरण झाले आणि १९५८ साली त्यांनी दावा लावला. मंत्रिमंडळाची टिपणे आणि आयोगाचा अभिप्राय त्यांनी मागितला. सरकारने कलम १२३ पुढे केले. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. बहुमताचे निकालपत्र साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिले. कागद राज्यकारभाराचा आहे की नाही, हे न्यायालयाने अन्य पुराव्यावरून तपासावे. पण तो कागद स्वतः पाहू नये, आणि प्रकटीकरणाने लोकहिताला बाध येईल की नाही हे खातेप्रमुखाने ठरवावे, असा त्याचा आशय होता. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदविले.

काळाबरोबर पारडे फिरले. १९७५ साली राज नारायण यांच्या खटल्यात, शपथपत्राने समाधान न झाल्यास न्यायाधीशाला तो कागद स्वतः पाहता येतो, हे मान्य झाले. १९८१ साली एस. पी. गुप्ता खटल्यात तर एका अतिरिक्त न्यायाधीशाची मुदत न वाढविण्यासंबंधीचा विधिमंत्री व सरन्यायाधीश यांच्यामधील पत्रव्यवहार खुला करावयास लावण्यात आला. जुन्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्यातही हे कवच कलम १२९ च्या रूपाने आहे. परंतु त्याच्या मर्यादा आखण्याचे काम आता न्यायाधीशाचे आहे.

१९८५ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या बहुतेक मुलकी सेवकांचे असे तंटे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे चालतात. अर्ज, त्यावरील खात्याचे उत्तर आणि अर्जदाराचे प्रत्युत्तर यांना जोडलेल्या कागदांतूनच तेथे वाद उभा राहतो. दप्तर हजर करण्यास भाग पाडण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार न्यायाधिकरणालाही आहेत. शिवाय वार्षिक गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, अनुकूल असो वा प्रतिकूल, सेवकाला कळविली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने, काही अपवाद वगळून, दावा लावण्यापूर्वीही दप्तराचे दार ठोठावता येते.

सेवकाचा दावा दर वेळी खरा असतो असे नाही. पुष्कळदा कागद उघडल्यावर खात्याचीच कृती रास्त ठरते. पण तो निकाल हरलेल्यालाही पटावयाचा असेल, तर ज्या कागदाने त्याची भाकर गेली तो कागद त्याला एकदा वाचावयास मिळाला पाहिजे. न पाहिलेल्या कागदावर हरलेला माणूस आपण हरलो असे मानीत नाही. आपणांस हरविले गेले, असेच तो जन्मभर मानतो.