राजरस्ता आणि पाणंद

कडोलीच्या मोटारसायकलस्वारास दोन जातींच्या वाटा ठाऊक असतात. काकतीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग लागला की सपाट डांबर आणि मोठा वेग. शिवारातील पाणंदीस वळावे तर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा. या दोन्ही वाटा एकाच वाहनाने आक्रमिता याव्यात, ही इच्छा जगभर जुनीच आहे. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९८० साली ‘आर ८० जी/एस’ ही ७९७ सीसीची गाडी काढली. तिच्या नावातील दोन अक्षरांचा अर्थच मुळी ‘रान’ आणि ‘रस्ता’ असा होता. १९८१ साली ऑरिओल या फ्रेंच स्वाराने बीएमडब्ल्यूवर बसून पॅरिस-डाकार शर्यत जिंकली आणि या जातीच्या गाड्यांचा बोलबाला झाला.

आज आपल्या तरुणांपुढे अशा अनेक गाड्या आहेत. मग निवड कशी करावी? अश्वशक्तीचा आकडा पाहून मोहरून जाणे हा त्याचा मार्ग नव्हे.

प्रथम चाक पाहावे. पुढील चाक २१ इंची असेल, तर ते दगडावरून वा खड्ड्यातून सहज चढून जाते. कारण मोठ्या वर्तुळाचा अडथळ्याशी होणारा कोन सौम्य असतो. मात्र वळणावर असे चाक काहीसे सावकाश कलते. १९ इंची चाक हा मध्यममार्ग होय. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरला २०२० साली पुढे १९ इंची चाक होते. २०२५ साली २१ इंची चाकाची गाडीही आली. एकाच घराण्यात दोन्ही विचार नांदतात, ते या कारणाने.

दुसरी गोष्ट वजनाची. बीएमडब्ल्यूची २०२३ सालची ‘आर १३०० जीएस’ १४५ अश्वशक्तीची असून तिचे वजन २३७ किलो आहे. त्याच वर्षी आलेली रॉयल एनफिल्डची ४५२ सीसीची हिमालयन सुमारे ४० अश्वशक्तीची, पण १९६ किलोची आहे. महामार्गावर पहिलीचे सामर्थ्य निर्विवाद होय. सामान व जोडीदार घेऊन ती दिवसभर न दमता धावेल. परंतु तिलारीच्या रानात चिखलाच्या चढावर गाडी आडवी झाली, म्हणजे हे ४१ किलोंचे अंतर स्वाराच्या कमरेस कळते. जेथे पकड नाही, तेथे अधिक शक्तीने चाक केवळ जागच्या जागी फिरते.

तिसरी गोष्ट स्प्रिंगांची. हिमालयनची चाके २०० मिलिमीटर वरखाली होऊ शकतात, म्हणून खड्ड्याचा हादरा पाठीपर्यंत पोचत नाही. पण हा प्रवास वाढला की आसनही उंच होते, आणि ज्याचे पाय भुईला टेकत नाहीत, तो मंद गतीत आधी पडतो.

टायर व ब्रेक यांचेही तसेच आहे. खोल दातऱ्यांचा टायर मातीस धरतो. चोर्ला घाटातल्या पावसाने भिजलेल्या डांबरावर मात्र त्याचा स्पर्श अपुरा पडतो. चाक जखडू न देणारी एबीएस यंत्रणा डांबरावर प्राण वाचविते. सैल मातीत मात्र मागचे चाक थोडे जखडणे उपयोगी पडते, म्हणून कित्येक गाड्यांत मागील चाकापुरती ती बंद करण्याची सोय असते. रस्त्यावर परतताच ती पुन्हा चालू करण्यास विसरू नये.

सारांश, सर्वगुणसंपन्न गाडी अशी नाहीच. प्रत्येक गुणाची किंमत दुसऱ्या गुणाने चुकवावी लागते. ज्याचा बहुतेक प्रवास डांबरावरचा, त्याने जड व सामर्थ्यवान गाडी घेण्यास हरकत नाही. ज्यास पाणंद आणि घाटवाटा खुणावतात, त्याने हलकी गाडी पसंत करावी. कर्ज काढून थोरली गाडी घेऊ पाहणाऱ्या मुलास घरच्या वडीलधाऱ्यांनी एकच विचारावे: ‘ही पडली तर तू एकटा उचलशील ना?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर ती गाडी एकट्याने रानात नेण्याजोगी नव्हे.