थंडीत खुराडं गच्च बंद करू नका

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात आणि कोंबड्या राहतात आजीच्या भरवशावर. त्यामुळं हा एपिसोड निघायच्या आधीच ऐका.

थंडी पडली की आपण खुराड्याला सगळीकडून पोती बांधतो. मला विचाराल तर तिथंच घोळ होतो. मोठी कोंबडी पिसं फुगवून थंडी काढते, तिला बाधते ती कोंदट ओल. रात्रभर श्वासाची वाफ अन् विष्ठा साचली की अमोनिया होतो, मग डोळे सुजतात, घरघर लागते. म्हणून वाऱ्याच्या बाजूनं कोंबड्या बसतात तिथवरच पोतं बांधा आणि वर, छपराखाली, वीतभर फट ठेवा. खाली कोरडं भुसकट पसरा, ओलं झालं की बदला. सकाळी वाकून बघा, तुमचेच डोळे चुरचुरले तर फट कमी पडतेय.

पिलांचं वेगळं. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. बल्बखाली गर्दी केली तर बल्ब खाली घ्या, लांब पळाली तर वर. बंद जागेत कोळशाची शेगडी मात्र नकोच, तिच्या वायूनं पिलं गुदमरतात.

अंडी कमी झाली तर आजीला सांगून ठेवा, दिवस लहान झालाय. आणि मानमोडीची लस राहिली असेल तर गाडीत बसायच्या आधी देऊन घ्या.