नऊ एकांची करामत

बालमित्रांनो, वही उघडा आणि पेन्सिलीला टोक करून घ्या. कॅल्क्युलेटर राहू द्या. साधा आठ आकडी कॅल्क्युलेटर इथे कामाचाच नाही, कारण आपल्याला नऊ वेळा १ लिहायचा आहे : १११११११११. आता या संख्येला याच संख्येनं गुणा.

घाबरलात? अहो, यात पाढे लागतच नाहीत! तीच ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभी बेरीज. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या घरात नऊ, आणि पुढे पुन्हा आठ, सात, सहा असं उतरत जायचं. हातचा कुठेच नाही. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. उलटी वाचा, तीच! एकं, दहं, शतं म्हणत गेलात, तर डावीकडचा १ 'मध्य' या स्थानावर येतो. परार्ध फक्त एक घर पुढे.

या जातीच्या संख्यांना 'डेमलो' हे नाव दिलं एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक होते. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. त्या स्टेशनवर कल्पना सुचली, म्हणून नावही स्टेशनचंच. (आपण स्टेशनवर काय करतो, ते विचारू नका!) मोठ्या पदव्या नव्हत्या, म्हणून आपल्याकडच्या अनेक विद्वानांना त्यांचं काम पोरखेळ वाटलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. कापरेकर तेव्हा सत्तरीचे होते.

त्यांनीच शोधलेली आणखी एक जात म्हणजे 'हर्षद', हर्ष देणारी संख्या. हिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो. १८ घ्या. १ + ८ = ९, आणि ९ दुणे १८.

मग आपली सतरा अंकी संख्या हर्षद आहे का? आमच्या पालीच्या वर्गात मुलं बेरजेला लागली. एक मुलगी मात्र पेन्सिल न उचलताच म्हणाली, "गुरुजी, ८१ येणार. नऊ ओळींत नऊ-नऊ एकच तर मांडलेत!" खरंच की! हातचा नाही, म्हणजे एकही १ हरवलेला नाही.

आता १११११११११ ला ९ नं भागा. १२३४५६७९ येतात (आठ कुठे पळाला?), बाकी शून्य. ही संख्या आपल्या उत्तरात दोनदा गुणलेली आहे, म्हणून त्याला ९ नं दोनदा, म्हणजेच ८१ नं भाग जाणारच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१. पालकांनी पडताळून पाहावा!

साहजिकच दहा एकांचा मोह होतो. मांडा. मधल्या घरात दहा एक जमतात, हातचा येतो आणि सगळा डौल मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. अंकांची बेरीज १०० हवी होती, भरते ८२. हातचा दोनदा आला आणि दर वेळी दहाच्या जागी एकच उरला, म्हणजे नऊ-नऊ गेले. शिवाय ही संख्या विषम आणि ८२ सम, तेव्हा हर्षदही नाही.

अकरा एक घेतले, तर हातचा किती वेळा येईल? आधी अंदाज लिहा, मग मांडा.