फोटो संपादन: थरांसह कामाची फाईल जतन करणे

या पाठात आपण पाहणार आहोत:
• थर असलेली कामाची फाईल म्हणजे काय
• गिंपमध्ये सेव्ह आणि एक्स्पोर्ट यांतील फरक
• कोणत्या फाईली जपून ठेवायच्या

या पाठासाठी लेअर पॅलेटची तोंडओळख असावी.

उदाहरण

समजा, तुमच्याकडे आजी-आजोबांच्या लग्नाचा एक जुना कृष्णधवल फोटो आहे. मधोमध घडीची भेग आहे आणि कडा पिवळ्या पडल्या आहेत. तुम्ही तो स्कॅन करून गिंपमध्ये उघडला. मूळ थराची प्रत काढून (शिफ्ट + कंट्रोल + डी) तिच्यावर हील टूलने भेग बुजवली. आणखी एक प्रत काढून तिच्यावर लेव्हल्स वापरून फोटो उजळला. शेवटी खाली नावे आणि लग्नाचे साल लिहिले. आता चार थर झाले: मूळ स्कॅन, दुरुस्ती, उजळ प्रत आणि मजकूर.

तुम्ही जेपीईजी बनवून सगळ्यांना पाठवला. दोन दिवसांनी आत्याचा फोन आला, "साल चुकलंय. आणि आईच्या कपाळावरचं गोंदण कुठे गेलं?" भेग बुजवताना गोंदणही पुसले गेले होते.

तुमच्याकडे थरांची फाईल असेल, तर हे पाच मिनिटांचे काम आहे. मजकुराचा थर उघडून आकडा बदला. मूळ थरातून गोंदणापुरता भाग क्लोन टूलने वर आणा. फक्त जेपीईजी असेल, तर चुकीचे अंक चित्रात मिसळले आहेत आणि त्यांच्या खाली काहीच उरलेले नाही. काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल, तेही मूळ स्कॅन शिल्लक असेल तर!

जेपीईजीमध्ये काय हरवते?

जेपीईजी फाईलमध्ये एकच सपाट चित्र असते. थर, लेअर मास्क आणि पारदर्शकता तिच्यात राहत नाहीत. शिवाय फाईल लहान करण्यासाठी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून त्यातील बारीक तपशील कमी केला जातो. फाईल नुसती उघडून बंद केल्याने काही बिघडत नाही. मात्र बदल करून पुन्हा जेपीईजी बनवली, की ही काटछाट पुन्हा होते.

पीएनजीमध्ये अशी काटछाट होत नाही आणि पारदर्शकताही टिकते. पण थर तिच्यातही राहत नाहीत.

सेव्ह आणि एक्स्पोर्ट

गिंपची स्वतःची फाईल एक्ससीएफ. तिच्यात थर, मास्क, चॅनेल, पाथ, गाईड आणि बदलता येण्याजोगा मजकूर राहतो. २०१२ साली आलेल्या २.८ आवृत्तीपासून गिंपमध्ये ही दोन कामे वेगळी केली आहेत:

१. फाईल मेनूमधील सेव्ह (कंट्रोल + एस) फक्त एक्ससीएफ फाईल बनवते.
२. एक्स्पोर्ट ॲज (शिफ्ट + कंट्रोल + ई) जेपीईजी, पीएनजी, टिफ इत्यादी बनवते.

म्हणजे सेव्ह आपल्यासाठी आणि एक्स्पोर्ट इतरांसाठी.

तीन ठिकाणी सावध राहा:

• एक्स्पोर्ट केल्यावर खिडकी बंद करताना गिंप विचारते की बदल सेव्ह झालेले नाहीत, काय करू? "जेपीईजी तर बनवली आहे" असे समजून अनेक जण डिस्कार्ड चेंजेस दाबतात. थर तिथेच जातात.
• जेपीईजी उघडून काम केले, तर फाईल मेनूमध्ये ओव्हरराइट हा पर्याय दिसतो. तो तुमची मूळ फाईलच बदलतो.
• अनडूचा इतिहास एक्ससीएफमध्ये राहत नाही. फाईल बंद केली, की मागे जाता येत नाही. म्हणून मूळ थरावर कधीही थेट काम करू नका.

फाईल किती मोठी होते?

४ × ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला, तर २४०० × ३६०० म्हणजे ८६ लाख ४० हजार पिक्सेल मिळतात. रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले, तर एका थराला सुमारे २६ एमबी लागतात. आपल्या तीन चित्रथरांचे सुमारे ७८ एमबी होतील. मजकुराचा थर लहान असतो. एक्ससीएफमध्ये माहिती दाबून ठेवली जाते, त्यामुळे प्रत्यक्ष फाईल सहसा याहून लहान असते. जागा वाचवायची असल्यास नको असलेले थर काढा, पण मूळ स्कॅनचा थर ठेवा.

काय जपून ठेवायचे?

१. हात न लावलेला मूळ स्कॅन, शक्यतो टिफमध्ये.
२. थरांसह एक्ससीएफ. थरांना नावे द्या. "लेअर कॉपी #२" म्हणजे काय, हे वर्षभराने तुम्हालाही आठवणार नाही.
३. वाटण्यासाठी जेपीईजी.

एक्ससीएफ इतर सॉफ्टवेअरमध्ये पूर्णपणे उघडेलच असे नाही. म्हणून तयार चित्राची एक टिफ किंवा पीएनजी प्रतही काढा. हे सर्व दुसऱ्या डिस्कवरही ठेवा. कागदावरचा फोटो दरवर्षी थोडा आणखी फिका होत जातो. आज केलेला स्कॅन पुढे तितका चांगला मिळेलच असे नाही.

सारांश

काम सुरू करताच प्रथम एक्ससीएफ सेव्ह करा, मग संपादन करा, शेवटी एक्स्पोर्ट करा.

स्वाध्याय

घरातील एक जुना फोटो स्कॅन करा. किमान तीन थर वापरून तो दुरुस्त करा, त्यावर नाव लिहा, एक्ससीएफ सेव्ह करा आणि जेपीईजी एक्स्पोर्ट करा. गिंप बंद करा. आता दोन्ही फाईली पुन्हा उघडून नावातील एक अक्षर बदलून पाहा. कोणत्या फाईलमध्ये ते जमते?