छाप्याची बातमी आणि परतीची बातमी

मीरा-भाईंदरमध्ये कुठे छापा पडला की तासाभरात भाईंदर पश्चिमेतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मथळा येतो : ‘इतके बांगलादेशी पकडले.’ सोबत खाली मान घातलेल्या माणसांचा फोटो. ते बांगलादेशी असल्याचे कुणी ठरवले, कोणते कागद पाहिले, हे क्वचितच लिहिलेले असते. बेकायदा आलेल्यांवर कायद्याने कारवाई व्हावी, यात वाद नाही. प्रश्न बाकीच्यांचा आहे.

जून २०२५ मध्ये मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या, पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबादच्या एका मजुराला बांगलादेशी समजून पोलिसांनी ताब्यात घेतले. घरच्यांनी ओळखीचे कागद पाठवले. तरी काही दिवसांत सीमा सुरक्षा दलाने त्याला सीमेपलीकडे ढकलले. पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केला, तेव्हा त्याला आणि महाराष्ट्रातून नेलेल्या आणखी काही मजुरांना परत आणावे लागले. इंग्रजी वृत्तपत्रांनी हे तपशीलवार छापले. आपल्या ग्रुपवर ती परतीची बातमी कुणी टाकली होती का, आठवून पाहा.

आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार १९४६ च्या कायद्याने पकडलेल्या माणसावरच टाकला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही तो तसाच ठेवला. ज्याच्यावर एवढे ओझे, त्याची बाजू बातमीत यायलाच हवी. पण पोर्टलला मथळा पाच मिनिटांत हवा असतो. पोलिसांची प्रेसनोट तयार असते, मजूर कोठडीत असतो, आणि त्याचे घर दोन हजार किलोमीटरवर!

शब्दही पाहा. आपल्या कोकणी घरांतला कुणी दुबईत व्हिसा संपून राहिला तर तो आपल्यासाठी ‘अडकलेला’ असतो. २०२४ च्या सप्टेंबरात संयुक्त अरब अमिरातीने अशा लोकांना दंडमाफी दिली, तेव्हा किती घरांनी सुटकेचा श्वास टाकला असेल! इथे मात्र कागद तपासायच्या आधीच माणूस ‘घुसखोर’ होतो.

खबर आली तर आधी शहानिशा करा, हा सूरह हुजुरातचा हुकूम आपल्याला नवा नाही. फॉरवर्ड करण्याआधी एवढे बघा : बातमीत ‘संशयित’ आहे की थेट ‘बांगलादेशी’? सांगणारे पोलीस आहेत की न्यायालय? आणि तुमच्या इमारतीत प्लास्टर करणारा मिस्त्री बंगालचा असेल, तर त्याला कागदांच्या प्रती गावी घरच्यांकडेही ठेवायला सांगा.