युकुलेलीसाठीं ध्वनिवर्धक कसा निवडावा ?

युकुलेली हें चार तारांचें चिमुकलें वाद्य आतां आमच्या विद्यार्थ्यांस अपरिचित राहिलेलें नाहीं. वजनाला हलकें आणि लहान बोटांस सहज आटोपणारें असल्यामुळें मुलांना तें आवडतें, व पालकही तें आनंदानें घेऊन देतात. पण स्नेहसंमेलनाच्या वेळीं एक अडचण हटकून उभी राहते. घरांत गोड वाटणारा तो नाद सभागृहांत तिसऱ्या रांगेपलीकडे पोंचत नाहीं. वाजविणारें मूल मग तारांवर जोरानें हात मारूं लागतें. नाद कर्कश होतो, ताल बिघडतो, आणि महिनाभराची मेहनत कोणाच्या कानीं न पडतां वायां जाते. अशा वेळीं “ध्वनिवर्धक घ्यावा काय, आणि घ्यावा तर कोणता ?” असा प्रश्न पालक आम्हांस विचारतात. बाजारांतील नांवांची यादी देऊन या प्रश्नाचें उत्तर होण्यासारखें नाहीं; कारण नांवें बदलतात, तत्त्वें बदलत नाहींत. म्हणून येथें मुख्यतः तत्त्वेंच सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम वाद्याविषयीं थोडेंसें. इ. स. १८७९ च्या ऑगस्ट महिन्यांत ‘रेव्हन्सक्रॅग’ नांवाचें जहाज पोर्तुगालच्या मदीरा बेटांतून मजूर घेऊन हवाई बेटांतील होनोलुलू बंदरास लागलें. या लोकांबरोबर त्यांचें ‘माशेत’ नांवाचें लहानसें तंतुवाद्य तेथें गेलें. त्यांत मानुएल नुनेस, औगुस्तो दियास व जोझे दो एस्पिरितो सांतो हे तीन लांकूडकाम जाणणारे कारागीरही होते. त्यांच्या हातून पुढें जें नवें वाद्य घडलें, तीच युकुलेली. राजा कालाकौआ यानें तिला दरबारीं मान दिला. आणि १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत ती अमेरिकन लोकांच्या मनांत भरली. पुढें कॅनडांतील हॅलिफॅक्स शहरीं जे. चामर्स डोन या संगीतशिक्षकांनीं १९६७ नंतर शाळाशाळांतून युकुलेलीच्या द्वारें संगीत शिकविण्याची पद्धति रूढ केली. हें सांगण्याचा हेतु इतकाच कीं, हें वाद्य घरांत, अंगणांत, दहा-वीस माणसांच्या बैठकींत वाजण्यासाठींच योग्य असें आहे. त्याचा नाद लहान असणें हें त्याचें व्यंग नव्हे. तो त्याचा स्वभाव आहे. ध्वनिवर्धकानें हा स्वभाव दूरवर पोंचवावा, बदलूं नये. निवडीचें सर्व मर्म या एका वाक्यांत आहे.

ध्वनिवर्धकाकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट पाहिली पाहिजे. वाद्याचा नाद विजेच्या रूपांत आणणार कोण ? इलेक्ट्रिक गिटारीच्या पोलादी तारांखालीं चुंबक व त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. पोलादी तार कांपली कीं चुंबकीय क्षेत्र हालतें आणि वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. युकुलेलीच्या तारा मात्र नायलॉनच्या किंवा तशाच द्रव्याच्या असतात. त्यांच्या कांपण्याचा चुंबकास पत्ताही लागत नाहीं. म्हणून येथें निराळी युक्ति योजावी लागते. १८८० सालीं फ्रान्समध्यें झाक व प्येर क्यूरी या बंधूंनीं असें दाखवून दिलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांच्या पृष्ठभागीं विद्युद्भार प्रकट होतो. या गुणाच्या पदार्थाची पट्टी वाद्याच्या घोडीखालीं बसवितात, किंवा त्याची चकती तबलीला चिकटवितात. हाच पिझो पिकअप होय. वाद्यांत असा पिकअप नसेल, तर चिकटविण्याचा पिकअप घेऊन पाहावा. साध्या किंमतीच्या वाद्यास भोंकें पाडून महाग यंत्र बसविण्याची घाई करूं नये.

पिझो पिकअपची एक खोड ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्याची वीज अत्यंत नाजूक असते. ज्या यंत्राला तो जोडावयाचा त्याचा प्रवेशरोध मोठा, म्हणजे सुमारें दहा लक्ष ओहम किंवा त्याहून अधिक, असावा लागतो. तो कमी असला कीं खालचे स्वर गळून जातात आणि उरतो तो टिनपाटासारखा पातळ आवाज. पुष्कळदां मूल किंवा वाद्य यांस दोष दिला जातो, पण दोष या जोडणीचा असतो. कांहीं वाद्यांत पिकअपबरोबर बॅटरीवर चालणारा छोटा पूर्ववर्धक आंतच बसविलेला असतो. तेथें ही अडचण येत नाहीं. मात्र ती बॅटरी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीं तपासून पाहणें अगत्याचें आहे. ज्या पिकअपला बॅटरी नाहीं, त्याच्यासाठीं तंतुवाद्याचीच खास खांचण असलेला ध्वनिवर्धक घ्यावा.

आतां ध्वनिवर्धकाची जात. दुकानांत तीन प्रकारचीं यंत्रें पुढें येतात. पहिलें इलेक्ट्रिक गिटारीचें. तें मुद्दाम नादास रंग चढविण्यासाठीं बनविलेलें असतें, आणि त्याच्या कर्ण्यांतून वरचे बारीक स्वरांश फारसे निघत नाहींत. युकुलेलीचा जो टणत्कार आपणांस आवडतो, तोच येथें बोथट होतो. दुसरें म्हणजे मोबाइलवरील गाणीं ऐकण्याचा ब्लूटूथ स्पीकर. यांत बिनतारी मार्गानें वाद्य वाजविलें तर तार छेडल्यावर आवाज किंचित् मागाहून येतो. ऐकणाराला कदाचित् कळणार नाहीं, पण वाजविणाराचा ताल निश्चित चुकतो. तिसरा प्रकार अकूस्टिक ध्वनिवर्धकाचा. मूळ नाद जसा आहे तसाच मोठा करणें हें त्याचें ब्रीद. वरच्या स्वरांसाठीं त्यांत बहुधा निराळा छोटा कर्णा असतो, आणि गाणाराच्या मायक्रोफोनसाठीं दुसरी वाट असते. आमच्या मुलांस बहुतेक वाजवीत वाजवीत गावयाचें असतें. म्हणून दोन वाटा असलेलें यंत्र घेणें शहाणपणाचें.

आकाराविषयीं पालकांच्या मनांत एक गैरसमज असतो. पेटी मोठी तितका आवाज चांगला, असें त्यांस वाटतें. गिटारीची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ८२ वेळां कांपते, व इतका खालचा स्वर भरदार निघण्यास मोठा कर्णा हवा असतो. युकुलेलीच्या नेहमींच्या जुळणींत सर्वांत खालची तार सुमारें २६२ वेळां कांपते. बॅरिटोनसारखे मोठे प्रकार सोडले, तर हें वाद्य त्या खोलींत उतरतच नाहीं. म्हणून पांच ते साडेसहा इंची कर्ण्याची हलकी पेटीही युकुलेलीला पुरेसा न्याय देते. गिटार वाजविणाऱ्या थोरल्या भावासाठीं जें यंत्र अपुरें, तेंच धाकट्या बहिणीच्या युकुलेलीस पुरेसें होऊं शकतें.

तीच गोष्ट वॅटची. पांच वॅटांऐवजीं दहा वॅट घेतले म्हणजे आवाज दुप्पट होतो, हें गणित कानाला मान्य नाहीं. शक्ति दुप्पट केल्यास आवाज तीन डेसिबलांनीं वाढतो, आणि ती वाढ थोडीशीच जाणवते. कानाला साधारण दुप्पट वाटण्यासाठीं शक्ति दसपट लागते. म्हणजे पांचाचे पन्नास वॅट व्हावयास हवेत. उलट मोकळ्या जागीं अंतर दुप्पट झालें कीं आवाज सहा डेसिबलांनीं उतरतो. यावरून प्रश्न विचारण्याची रीत बदलते. “किती वॅट ?” असें न विचारतां “कोठें वाजवावयाचें, आणि सर्वांत दूरचा श्रोता किती दूर ?” असें विचारावें. वर्गांत किंवा दिवाणखान्यांत पांच-दहा वॅट विपुल होतात. शाळेच्या सभागृहांत, मुलें शांत बसलीं असतां, तीस ते साठ वॅट पुरतात. मैदानावरील मोठ्या समुदायासाठीं स्वतःचें यंत्र वाढवीत बसूं नये. ध्वनिवर्धकाच्या मागील बाजूस बाहेर जाणारी वाट असेल, तर ती शाळेच्या मोठ्या ध्वनियंत्रणेस जोडावी.

‘नेण्याजोगा’ या शब्दाचाही विचार करावा. जें दहा वर्षांच्या मुलास उचलवत नाहीं तें नेण्याजोगें नव्हे. दोन उदाहरणें देतों. रोलंड कंपनीचा एसी-३३ हा सुमारें पावणेपांच किलोंचा असून बाजारांत कोठेंही मिळणाऱ्या आठ डबल-ए सेलांवर चालतो. विजेवर तीस वॅट, सेलांवर वीस. फिशमन कंपनीचा लाउडबॉक्स मिनी चार्ज साठ वॅटांचा असून त्यांतील बॅटरी पुन्हा पुन्हा भरतां येते. पण त्याचें वजन नऊ किलोंहून अधिक आहे. एकांत हलकेपणा व सेल बदलण्याची सोय, दुसऱ्यांत आवाजाची ऐपत. यांत श्रेष्ठ कोणता हें वाजविण्याची जागा ठरविते. बॅटरीचे तास विचारतांना ते किती आवाजावर मोजले हेंही विचारावें. हळू वाजविल्यास पुष्कळ तास टिकणारी बॅटरी पूर्ण आवाजांत लवकर संपते. परदेशांतील आप्तांनीं यंत्र आणून दिलें असेल, तर त्याच्या अडॅप्टरवरील आंकडे अवश्य वाचावेत. तेथें १०० ते २४० व्होल्ट असें छापलेलें असेल तर चिंता नाहीं; फक्त १२० असेल, तर आपल्या २३० व्होल्टांच्या विजेस तें जोडतांच जळून जाण्याचें भय आहे.

सभेंत माइक शिट्टी मारतो, हें सर्वांनीं अनुभविलें आहे. कर्ण्यांतून निघालेला आवाज पुन्हा पिकअपमध्यें शिरतो, पुन्हा मोठा होऊन निघतो, आणि हें चक्र वाढत जाऊन शीळ उठते. युकुलेलीची पोकळ पेटी हलकी असल्यामुळें तिला ही बाधा चटकन होते. उपाय सोपे आहेत. कर्ण्याच्या तोंडासमोर उभें राहूं नये. ध्वनिवर्धक बाजूस व किंचित् पुढें ठेवावा. आणि आवाज एकदम न चढवितां हळूहळू चढवावा. कांहीं यंत्रांत शीळ देणारा नेमका स्वर दाबून टाकणारें बटन असतें. तें असल्यास उत्तम.

विकत घेण्यास जातांना मुलास व त्याच्या वाद्यास बरोबर न्यावें. दुकानदाराच्या कुशल हातांनीं सर्वच यंत्रें गोड वाजतात. सर्व बटनें मध्यावर ठेवून मुलानें आपलें नेहमींचें गाणें हळू वाजवावें. पालकांनीं दहा पावलें दूर जाऊन, डोळे मिटून, ऐकावें : घरीं ऐकूं येते तीच ही युकुलेली आहे काय ? नंतर वाजविणें थांबवून कर्ण्याची खरखर ऐकावी. शेवटीं मुलानें तें यंत्र स्वतः उचलून पन्नास पावलें चालून दाखवावें. या तीन कसोट्यांना उतरेल तोच ध्वनिवर्धक घरीं आणावा. वर्षांतून एकदांच गरज पडत असेल, तर दोन-तीन घरांनीं मिळून एक घेणें किंवा शाळेचा वापरणें अधिक बरें. वांचलेल्या पैशांत चांगल्या तारा व कित्येक महिन्यांची शिकवणी होऊं शकते.

एक शब्द शेजाऱ्यांविषयीं. आपल्या देशांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास सामान्यतः मनाई आहे, आणि रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या भोंवतालचा शंभर मीटरांचा टापू शांततेचा म्हणून सरकारला घोषित करतां येतो. यंत्र लहान असलें तरी त्यामागील विवेक मोठा आहे. खालच्या मजल्यावर कोणी आजारी असेल, तर वायर काढून ठेवावी व बोटांनींच वाजवावें.

विद्यार्थिमित्रहो, ध्वनिवर्धक जें देईल तेंच मोठें करील. स्वर जुळलेला असेल तर जुळलेपणा मोठा होईल. तार उतरलेली असेल तर तें उतरलेपणही शेवटच्या रांगेपर्यंत जाईल. म्हणून रोजचा सराव यंत्रावांचूनच करावा, आणि जेथें कोणी दूर बसून ऐकावयास उत्सुक आहे तेथेंच त्याची मदत घ्यावी. तुमच्या हलक्या हातानें छेडलेली तार मागल्या बांकावर बसलेल्या आजीलाही स्पष्ट ऐकूं आली, तर पालकांचे पैसे सत्कारणीं लागले असें समजावें.